भूपालअण्णांची पाटी

मिरजेच्या वाचा केंद्रात कुंदा वाळवेकरला सगळे 'पाट्यांच्या बाई' म्हणत, आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे. सहाशे चाळीस माणसांचं बोलणं तळमजल्यावरच्या तिच्या थंडगार खोलीत, लोखंडी कपाटांमध्ये रांगेनं लावून ठेवलेलं होतं. कुणाचं बोलणं कुठल्या खणात आहे, हे तिनं संगणकासाठी लिहिलेल्या स्क्रिप्टखेरीज कुणालाच सांगता आलं नसतं.

ही गोष्ट २०४३ सालची. पक्षाघाताचा झटका मेंदूच्या डाव्या भागावर, बोलण्याच्या केंद्रावर आला, की माणसाची फार विचित्र अवस्था होते. समोरच्याचं सगळं समजतं. काय बोलायचं तेही मनात असतं. पण शब्द ओठांपर्यंत पोचत नाही, आणि लिहायला घेतलं तरी तेच. अशा माणसांच्या कवटीखाली केसाहून बारीक तारांची एक जाळी बसवायची, बोलू पाहताना मेंदूत उठणारे तरंग टिपायचे आणि ते केंद्रातल्या संगणकाकडे पाठवायचे, ही युक्ती तोवर रुळली होती. संगणक त्या तरंगांचे शब्द करी आणि रुग्णाच्या गळ्यातल्या बटणाएवढ्या चकतीतून ते ऐकू येत.

दर रुग्णाला एकेक संगणक देणं शक्य नव्हतं. एकाच मोठ्या सर्व्हरच्या पोटात साठ-सत्तर आभासी संगणक चालत. त्यांना केंद्रात व्हीएम म्हणत. प्रत्येक व्हीएमची समजूत अशी, की सगळं यंत्र आपल्या एकट्याचंच. साठवण मात्र अशी वाटून घेऊन चालत नसे. एरवी डिस्कवर काही लिहायचं तर मध्ये कारकुनासारखा एक प्रोग्राम बसलेला असतो. फाइल कुठं ठेवायची, तिला नाव काय द्यायचं, हे सगळं तो बघतो. पण त्याच्या हातून जाण्यात वेळ मोडतो, आणि पाव सेकंदाची अडखळही बोलणाऱ्याला तोतरं करते. म्हणून इथं कारकूनच काढून टाकला होता. प्रत्येक व्हीएमच्या हातात एक कोरी साठवण थेट दिलेली. तिलाच पाटी म्हणत.

पाटीवर शून्य आणि एक नसत. तिच्यातल्या धातूच्या कणांची घडण वापरानं बदलत जाई, शेतातून येऊन-जाऊन पायवाट पडावी तशी. सहा-सात महिने सराव केला की त्या माणसाच्या तरंगांपासून शब्दांपर्यंत एक वाट पडे. त्या वाटेची नक्कल निघत नसे, कारण वाचून काढू गेलं तर कण विस्कटत. आणि एकाच पाटीवर चुकून दोन व्हीएम चालली, तर दोघांच्याही वाटा मोडत.

म्हणून कुंदानं 'वाटणी' लिहिली. संगणकाला पायरीपायरीनं काम सांगणारी, एकशे बारा ओळींची स्क्रिप्ट. रोज पहाटे ती सगळ्या पाट्यांवर कोरलेले क्रमांक तपासी, कुठली पाटी कुठल्या व्हीएमकडे आहे ते ताडून बघी, मोकळी झालेली पाटी प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाच्या व्हीएमला जोडून देई. पूर्वी हे काम दोन माणसं हातानं करत आणि महिन्यातून एकदा तरी चुकत. वाटणी चार वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

पाट्या कमी आणि माणसं जास्त, हे दुखणं मात्र कायम होतं. यादीत दोनशे बारा नावं होती. त्यांतली कितीतरी माणसं कुंदाला चेहऱ्यानं माहीत होती. तपासणीला येत आणि खोलीच्या काचेतून त्या कपाटांकडे बघत उभी राहत. त्यांच्यासाठीच तिनं स्क्रिप्टमध्ये एक नियम घातला होता. जी पाटी सलग तीस दिवस वापरात नाही, ती मोकळी समजायची. आधी नोंदलेल्या मोबाइलवर तीन वेळा सूचना पाठवायची, आणि उत्तर आलं नाही तर पाटी परत घ्यायची. या नियमामुळं दोन वर्षांत एकोणीस माणसांना वेळेआधी वाचा मिळाली होती. कुंदाला त्या नियमाचा मनातून अभिमान होता.

त्या जानेवारीत फरजाना नदाफचा नंबर लागला. वय तेहतीस, मिरजेतल्याच एका शाळेत मराठी शिकवणारी. अकरा महिन्यांपूर्वी झटका आला आणि वर्गावर रागावणारा तिचा आवाज एका दुपारी बंद झाला. सोमवारी तिच्या व्हीएमला पाटी जोडली. पहिले काही आठवडे नुसती खरखर येते, हे तिला आणि तिच्या अम्मीला समजावून सांगितलं होतं.

बुधवारी सकाळी डॉक्टर मेघश्याम ठाणेदार तिला तपासायला गेले, ते दारातच थबकले. चकतीतून स्पष्ट शब्द आले, "या की पुढं! लांब का हुबा?"

फरजानानं स्वतःच दचकून गळ्याला हात लावला. तिची अम्मी तोंडाला पदर लावून रडायला लागली. तशी चकती पुन्हा बोलली, "रडू नगं. मी हाय न्हवं!"

उभ्या आयुष्यात फरजाना असं बोलली नव्हती. 'व्हय' म्हणणाऱ्या मुलींना 'होय' म्हणायला लावण्यात तिची दहा वर्षं गेली होती, आणि घरी तर दख्खनी उर्दूच चाले. आता मनात काहीही आणलं तरी बाहेर येताना ते बाजारातल्या घाईनं, शेवटचा शब्द ओढत बाहेर पडत होतं. अम्मीला त्याचं काही नव्हतं. "बोलतेय ना माझी पोर," ती म्हणाली, "मग कशी का बोलेना."

ठाणेदार तळमजल्यावर धावत आले. "वाळवेकरबाई, दोन दिवसांत! सात महिन्यांचं काम दोन दिवसांत! हे झालं कसं?"

कुंदालाही ते कळलं नाही. तीन आठवडे कुणालाच कळलं नाही. पाटीची नवी खेप चांगली निघाली असेल, असं म्हणून डॉक्टर टिपणं काढत राहिले.

मग सांगलीहून फोन आला. पलीकडं त्रिशला मगदूम होती, केंद्रातले जुने रुग्ण भूपालअण्णा मगदूम यांची मुलगी.

"बाई, आमच्या अण्णांचा आवाज येत न्हाई वो. चकती घातली, सगळं केलं, नुसती खरखर येतीय."

"कधीपासून?"

"आजच घातली त्यांनी. आई गेली ना आमची डिसेंबरात. त्या दिवशी अण्णांनी चकती काढून कपाटात ठेवली ती ठेवलीच. बोलायचंच न्हाई म्हटल्यावर आम्ही पण जोर केला न्हाई. आज आपणहून मागितली."

"त्रिशलाताई, आमच्याकडून काही सूचना आल्या होत्या का? मोबाइलवर?"

"नंबर आईचाच दिलेला होता. तो फोन बंद करून ठेवलाय आम्ही."

कुंदानं फोन ठेवला आणि वाटणीची नोंदवही पडद्यावर उघडली. सगळं तिथं लिहिलेलंच होतं. भूपाल मगदूम, वय एकाहत्तर, तीस दिवस वापर नाही, तीन सूचना, उत्तर नाही, पाटी मोकळी. तो दिवस शनिवार होता. मोकळ्या पाट्या पुसायचं काम रोज रात्री होई, फक्त शनिवारी रात्री ते बंद असे; वाटप मात्र रोज पहाटे. शनिवारी सुटलेली पाटी रविवारी पहाटे फरजानाच्या नावावर गेली, आणि रविवारी रात्री पुसणाऱ्या कामाला ती मोकळ्यांच्या यादीत दिसलीच नाही. न पुसता, अण्णांची सगळी पायवाट जशीच्या तशी फरजानाला मिळाली होती.

वाटणीनं तिला सांगितलं होतं तेच केलं होतं. सांगणारी कुंदा होती. तिनं ती नोंद कागदावर छापून घेतली आणि ठाणेदारांच्या खोलीकडे निघाली.

ठाणेदारांना सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे आधी चमकले. "म्हणजे एकाची वाट दुसऱ्याला चालते! बाई, तुम्हांला कळतंय का हे? गेलेल्या माणसांच्या पाट्या आपण आजवर पुसत आलो!" मग त्यांच्या लक्षात बाकीचं आलं आणि ते खुर्चीत बसले.

"अण्णांना परत जोडली तर?" कुंदानं विचारलं.

"फरजानाची तीन आठवड्यांची वळणं त्यात मिसळली आहेत. अण्णांना नीट बोलायला दोनेक महिने लागतील. आणि ती पुन्हा मुकी." ते घुटमळले. "असं करू. पाटी नादुरुस्त झाली म्हणून सांगा. होतात कधी कधी. त्यांना नवी कोरी देऊ, सराव करतील. कुणालाच दुःख नको."

"त्यांना दुःख झालंच आहे, डॉक्टर. आता खोटंही बोलू?"

"तुमच्या नोकरीचाही प्रश्न आहे हा."

"तो आहेच," कुंदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सांगलीला गेली. भूपालअण्णांनी चाळीस वर्षं हळदीचे सौदे पुकारले होते. त्यांचा आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई, असं त्रिशलानं चहा ठेवता ठेवता सांगितलं. आता त्यांच्या तोंडून चकतीवाचून एकच शब्द निघे, 'बरं'. झटक्यानंतर काहींच्या बाबतीत असा एखादाच शब्द मागं राहतो. राग आला तरी बरं, भूक लागली तरी बरं.

अण्णा पांढरा सदरा घालून ताठ बसले होते. कुंदानं काही न लपवता सांगितलं. नियम कुणी लिहिला, शनिवारी काय झालं, पाटी आता कुणाकडे आहे. "चूक यंत्राची नाही, माझी आहे," ती म्हणाली. "तुम्ही गप्प होता, त्याचा अर्थ मी तुम्हांला पाटी नको असा लावला. विचारायला कुणी आलं नाही."

अण्णांचा चेहरा हळूहळू लाल झाला. "बरं!" ते ओरडले. हातातली काठी त्यांनी फरशीवर आपटली. "बरं! बरं! बरं!" मग उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

त्रिशला ओट्याशी पाठमोरी उभी होती. "चाळीस वर्षं सौदे पुकारले, मग दीड वर्ष मुके. मग त्या पाटीवर सात महिने घासले," ती म्हणाली. "आई रोज समोर बसून एकेक शब्द म्हणवून घ्यायची. पाट, पाणी, मीठ. तिनं शिकवलेलं बोलणं होतं ते, बाई."

कुंदाला हे ठाऊक नव्हतं. नोंदवहीत ते कुठं असणार? तिनं मान खाली घातली. निघून जावं असं तिला दोनदा वाटलं, पण ती बसून राहिली. तासाभरानं दार उघडलं. अण्णांनी बाहेर येऊन तिच्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं. तिथं फरजानाचं नाव होतं. मग त्यांनी कोनाड्यातली टोपी घेतली.

"तिला भेटायचंय?" कुंदानं विचारलं.

अण्णा दाराकडे चालूही लागले होते.

फरजानाला कुंदानं वाटेतूनच फोनवर सगळं सांगितलं. ऐकून घेऊन पलीकडून एवढंच आलं, "या." कुंदा, अण्णा आणि त्रिशला पोचले तेव्हा फरजाना दारात उभी होती, आणि गळ्यातली चकती काढून तिनं हातात धरली होती. अण्णा आत येताच तिनं ती त्यांच्यापुढं केली. तिची अम्मी आत भिंतीला टेकून उभी होती, आणि ती कुणाकडेच बघत नव्हती.

अण्णांनी चकती घेतली. उलटीपालटी करून पाहिली. कुंदाला वाटलं, आता ते खिशात टाकतील, आणि टाकली तर कुणाला काही म्हणायचा अधिकार नाही. पण त्यांनी ती परत फरजानाच्या गळ्यात अडकवली आणि हातानं खूण केली, बोल.

फरजानानं चकती गळ्यात सारखी केली. मग ती म्हणाली, "काय बोलू, अण्णा? सारं तुमचंच हाय. मला वाटतं एक आन् येतं एक. परवा शाळंत गेले तर पोरी हसाय लागल्या. मी बी हसले. लई दिसांनी हसले."

अण्णा डोळे मिटून ऐकत होते. तो त्यांचा आवाज नव्हता, बाईचा होता. पण शब्दांची चाल त्यांची होती. श्वास कुठं घ्यायचा, कुठला शब्द ओढायचा, ते सगळं त्यांचं होतं.

"शाळंत पाण्याला मी पानी म्हनत न्हवते," फरजाना पुढं म्हणाली. "आता म्हनते. आन् म्हनलं की गोड वाटतं. कुनी शिकवलं तुमास्नी?"

अण्णांचे डोळे भरून आले. त्यांनी उत्तर द्यायचा प्रयत्न केला, ओठ हलले, आणि निघालं ते 'बरं'च निघालं. त्रिशलानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "आईनं," ती म्हणाली.

फरजाना पुन्हा चकती काढू लागली. तेव्हा अण्णांनी तिचा हात धरून खाली केला. दोनदा, ठामपणे. त्यात 'बरं'ची गरज पडली नाही.

कुंदाला तेवढं पुरेसं वाटेना. गप्प माणसाच्या मनातलं आपण ठरवायचं, ही चूक तिनं एकदा केली होती. तिनं अण्णांसमोर बसून सावकाश विचारलं. पाटी परत घेतली तर दोन महिन्यांत बोलाल, नवी घेतली तर पुन्हा सात महिने लागतील, कदाचित जास्त. आज नाही, आठ दिवसांनी सांगा. आठ दिवसांनी तिनं पुन्हा जाऊन विचारलं. त्यानंतरच्या आठवड्यातही विचारलं. हाताच्या खुणेनं अण्णांचं उत्तर तेच होतं, पाटी तिच्याकडेच राहू दे, आणि तिसऱ्यांदा तर ते वैतागले.

नवी कोरी पाटी कुठून आणायची, हा प्रश्न होता. यादीतल्या कुणाचा नंबर मागं ढकलायला कुंदा तयार नव्हती. तिच्या खोलीत एक पाटी होती, स्क्रिप्टमधले बदल आधी चालवून बघण्यासाठी राखलेली. तिच्याशिवाय काम करणं म्हणजे डोळे बांधून सुई ओवण्यासारखं होतं. कुंदानं ती अण्णांच्या व्हीएमला जोडली. त्याच दिवशी तिनं घडलेली हकिकत चार पानांत लिहून संचालकांकडे दिली. ठाणेदारांनी त्यावर स्वतःची सही करून, आपण कोणता सल्ला दिला होता तेही खाली लिहिलं. हे कुंदाला अनपेक्षित होतं.

चौकशी समितीनं कुंदाचे अधिकार काढून घेतले. सहा महिने ती तळमजल्याऐवजी वर नोंदणीच्या टेबलावर बसली, येणाऱ्या माणसांना अर्ज भरून देत. पूर्वी काचेतून दिसणारी ती माणसं आता समोर बसून, हातवारे करत, घाम गाळत तिला आपला पत्ता सांगत. एकेका अर्जाला अर्धा तास लागे. मोबाइलच्या रकान्यात कुणाचा नंबर आहे, आणि तो माणूस नसला तर दुसरा कुणाचा, हे ती खोदून खोदून विचारी.

रविवारी ती सांगलीला जाई. तिथं फरजाना आलेली असे, कारण नव्या पाटीवर अण्णांकडून शब्द म्हणवून घ्यायचं काम तिनं मागून घेतलं होतं. ती समोर बसून म्हणे, "पानी." अण्णा मनात म्हणत. चकती खरखरे. ती पुन्हा म्हणे. शिकवताना ती पक्की मास्तरीण होती, जराही सवलत देत नसे, आणि अण्णा पोरासारखे रुसून बसत. तिसऱ्या महिन्यात पहिला शब्द आला, तो होता 'मीठ'. त्रिशलानं त्या दिवशी आमटीत खरंच मीठ घातलं नव्हतं.

गंमत अशी, की फरजानाचं बोलणंही याच काळात बदलत गेलं. 'न्हाई'चं हळूहळू 'नाही' होऊ लागलं, अम्मीशी बोलताना दख्खनी परतली. तिची स्वतःची वाट पडत होती. अण्णांची चाल मात्र पुरती पुसली गेली नाही. वाक्याचा शेवट ती अजून ओढत असे.

ऑगस्टमध्ये समितीची शेवटची बैठक झाली. नियम सुधारायचा होता. गेलेल्या माणसांच्या पाट्या घरच्यांना विचारून, न पुसता पुढच्या रुग्णाला द्यायच्या, हे ठाणेदारांच्या आग्रहानं आधीच ठरलं होतं. आता प्रश्न उरला होता गप्प माणसांचा. समितीत पाच जण होते. तीसऐवजी साठ दिवस ठेवावेत असं एकाचं म्हणणं. नव्वद ठेवले तर निश्चिंत, दुसरा म्हणाला. तिसऱ्यानं आकडेवारी काढली.

भूपालअण्णांना साक्षीला बोलावलं होतं. ते बाकावर काठी धरून बसले होते. अध्यक्षांनी विचारलं, "मगदूमसाहेब, तुमच्या मते किती दिवस ठेवावेत?"

अण्णा उठून उभे राहिले. बसून बोला म्हटलं तरी ऐकेनात. सौदे पुकारणाऱ्या माणसाला एक वाक्य जुळवायला आता मिनिट लागत होतं. खोलीत कुणीही त्यांच्या मदतीला शब्द पुरवला नाही. फरजानानं तशी सगळ्यांना आधीच तंबी दिली होती.

"सुमती... गेली," चकतीतून आलं. "मला... बोलायचं... न्हवतं." बराच वेळ गेला. "साठ... दिवस... न्हवतं. नव्वद... असतं तरी... न्हवतं." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. कुंदा मागच्या खुर्चीत बसली होती. अण्णांनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. "ही बाई... घरी आली. दिवस... मोजू नका. माणूस... पाठवा."

अकरा मिनिटं लागली या सगळ्याला. अध्यक्षांनी तेच शब्द जसेच्या तसे ठरावात लिहायला सांगितले.

सप्टेंबरात कुंदा पुन्हा तळमजल्यावर आली. तिनं वाटणी उघडली आणि पाटी आपोआप परत घेणाऱ्या ओळी काढून टाकल्या. त्यांच्या जागी एक छोटी थांबण्याची सोय घातली. पाटी बरेच दिवस गप्प असेल तर स्क्रिप्टनं नाव आणि पत्ता दाखवायचा, आणि कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन आल्याची नोंद होईपर्यंत त्या पाटीला हात लावायचा नाही. चालवून बघायला राखीव पाटी नव्हतीच. म्हणून तिनं एकेक ओळ कागदावर उतरून तीनदा वाचली, मग ठाणेदारांना वाचायला लावली. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, तरी त्यांनी वाचली.

सोमवारी सकाळी वाटणी चालू झाली. सहाशे अडतीस पाट्या तपासून झाल्या. सहाशे एकोणचाळिसाव्या पाटीशी येऊन ती थांबली. पडद्यावर कवठे महांकाळचा एक पत्ता उमटला, चंपूताई आवटी, वय छप्पन्न, आणि त्याखाली एकच ओळ: 'यांच्याकडे कोण गेलं?'

कुंदानं बसचं वेळापत्रक पाहिलं. नऊ दहाची गाडी मिळण्यासारखी होती. तिनं पर्स उचलली आणि खोलीचं दार ओढून घेतलं.